सायकलनंतरचे ५ किलोमीटर
पोहणं जमलं की स्प्रिंट ट्रायथलॉनचं (आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं अशी सलग चालणारी छोट्या अंतराची शर्यत) अर्धं काम झालं असं म्हणतात. ७५० मीटर मोकळ्या पाण्यात पोहायची भीती मोठी असते हे अगदी मान्य, पण मला खरा दणका बसला तो सायकलवरून उतरल्यावर. २० किलोमीटर जोरात मारले, सायकल रॅकला अडकवली, बूट चढवले आणि पळायला लागले तर पाय माझे नाहीतच, मांड्या दगडासारख्या, पावलं आखूड पडतायत, पहिला किलोमीटर नुसता पाय ताळ्यावर आणण्यातच गेला. एरवी ५ किलोमीटर मी आरामात पळते हो, पण सायकलनंतरचे ५ वेगळेच.

पुढच्या रेसआधी मी आठवड्यातून एकदा सायकल झाली की लगेच, अजिबात न टेकता, १०-१५ मिनिटं पळायचे (याला ब्रिक म्हणतात) आणि रेसमध्ये सायकलचे शेवटचे दोनेक किलोमीटर हलका गिअर टाकून पाय भराभर फिरवले. खूप फरक पडला! आणि हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल रॅकवरून काढायची नाही, परत अडकवेपर्यंत सोडायचाही नाही, घाईत नेमकं हेच विसरायला होतं आणि पेनल्टी बसते.