कॅलगरीहून मोरेन आणि लेक लुईस: आईबाबांना घेऊन एका दिवसाची सहल

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे साताऱ्याहून आलेत. जुलैच्या मध्यात त्यांना बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातली तळी दाखवायची आहेत. आईंचे गुडघे दुखतात, बाबा मात्र अजून अजिंक्यतारा चढून जातात. शिवाय चार वर्षांची लेक. एका दिवसात मोरेन, लुईस आणि पेटो तिन्ही उरकता येतील का? मोरेनला आपली गाडी नेता येते का?

– कॅलगरीच्या साउथवेस्ट भागातून, यंदाच मंडळाची सभासद झालेली

---

नमस्कार ताई,

आधी गाडीचं. 2023 पासून मोरेनच्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद आहेत. गाडी लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगला लावायची आणि तिथून पार्क्स कॅनडाची, म्हणजे राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची, शटल बस पकडायची. बऱ्याचशा सीट्स प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी आठला ऑनलाइन खुल्या होतात आणि बघता बघता संपतात. खातं आधीच उघडून ठेवा आणि आठच्या आधी लॉगिन करून बसा. दोन्ही तळ्यांमध्ये फिरणारी बस याच तिकिटात येते. परतीला मात्र ठरावीक सीट नसते, रांग लावावी लागते. दुपारी उन्हात ती रांग वयस्कर माणसांना जड जाते, म्हणून सकाळची सगळ्यात लवकरची वेळ घ्या.

आणि कळकळीने सांगतो, पेटो या दिवशी नको. कॅलगरीहून लेक लुईस जवळपास 180 किलोमीटर. पेटो तिथून आणखी 40 किलोमीटर उत्तरेला, आणि परत यायचंय तेही त्याच वाटेने. तिन्ही केलीत तर आईंच्या वाट्याला गाडीची सीट आणि रांगा येतील, तळं येणार नाही. इतक्या लांबून आलेल्या माणसांना पाण्याकाठी निवांत तासभर बसता आलं पाहिजे.

आधी मोरेन करा. सकाळचं ऊन समोरच्या दहा शिखरांवर पडतं. ऊन वर चढेल तसा पाण्याचा रंग खुलत जातो, अगदी डोळ्यांदेखत. हिमनदीने जात्यासारखं दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाशातला निळा-हिरवा भाग परत फेकतं, म्हणून तो रंग. जूनच्या सुरुवातीला तळं अर्धवट भरलेलं असतं, त्यामुळे जुलै तुम्ही छान निवडलात. 1969 आणि 1979 च्या मालिकांमधल्या कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटांमागे हेच दृश्य होतं. तो देखावा रॉकपाइलवरून, म्हणजे काठावरच्या दगडांच्या ढिगावरून, दिसतो. वाट छोटी आहे, पण पायऱ्या आहेत. आईंना जमलं नाही तरी खालच्या काठावरूनही शिखरं समोरच असतात.

स्वेटर, कानटोपी जुलैतही घ्या. कळसूबाईचा माथा 1646 मीटरवर आहे, मोरेनचा काठच 1885 च्या आसपास.

– सहल समितीतर्फे

---

ताई, मी माझ्या आईला नेलं होतं, तिचेही गुडघे असेच. लेक लुईसच्या उजव्या काठाने जाणारी वाट आईंसाठी उत्तम. एका बाजूने दोनेक किलोमीटर, सपाट, बाबागाडीही जाते. दमल्या की कुठूनही मागे फिरता येतं. पलीकडच्या टोकाकडे जाल तसं पाणी दुधाळ होत जातं, कारण व्हिक्टोरिया हिमनदीचा गाळ तिथूनच तळ्यात उतरतो. आईने वाकून त्या पाण्यात हात घातला आणि लगेच बाहेर काढला. मग पुन्हा घातला.

खाणं घरूनच न्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या, थर्मासमध्ये चहा. वर रांगा लावून विकत घेण्यात वेळ जातो. पण एक विनंती, आणि ती मी दरवर्षी करते: पक्ष्यांना आणि खारींना एक तुकडाही घालू नका. ते अगदी पायाशी येतात, तुमची लेक हट्ट करेल, आजीचाही हात पुढे होईल. राष्ट्रीय उद्यानात हा गुन्हा आहे आणि दंड जबर आहे. त्याहून वाईट म्हणजे माणसाच्या खाण्याला सोकावलेल्या अस्वलाला शेवटी बऱ्याचदा मारावं लागतं. डबा बाकावर ठेवून फोटो काढायला जाऊ नका.

– नॉर्थवेस्टमधली मावशी

---

बाबांसाठी माझं एक सुचवणं. बाकीचे लुईसच्या काठावर असतील तेव्हा त्यांना लेक ॲग्नेसला घेऊन जा. एका बाजूने साडेतीन किलोमीटर, चढ सुमारे 400 मीटर. अजिंक्यताऱ्यावर जाणाऱ्याला हे पेलेल, फक्त सावकाश. वर कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने 1901 मध्ये बांधलेलं टी हाउस आहे, 1905 पासून तिथे चहा मिळतो. गोऱ्यांपैकी टॉम विल्सन 1882 साली लेक लुईसला पोचला, तो इथल्या मूळ रहिवाशांपैकी स्टोनी नाकोडा लोकांतल्या एका वाटाड्यामुळे. हे बाबांना जरूर सांगा. आपल्याकडेही किल्ल्यांच्या वाटा कुणाच्या पायाखालच्या होत्या, हे त्यांना माहीत असेलच.

एकट्याने जाऊ नये, बोलत चालावं, बेअर स्प्रे (अस्वल अंगावर आलं तर मारायचा फवारा) कमरेला असावा, सॅकच्या तळाशी नव्हे. मोरेनला फोनच्या रेंजचा भरवसा नाही, तेव्हा कोण कुठे किती वाजता भेटणार ते शटलमध्येच ठरवा.

– ट्रेकिंग ग्रुपमधून

---

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: मोरेन आणि लुईस, गुरुवारी. मंगळवारी सकाळी आठला मी आणि नवरा दोघंही लॅपटॉपवर असू. बाबांना ॲग्नेसचं सांगितलं, त्यांनी बूट काढून पुसायलाच घेतले. पेटो पुढच्या महिन्यात स्वतंत्र करू.

कुणाकडे मुदत न संपलेला बेअर स्प्रे असेल तर बुधवारपर्यंत कळवा, मी येऊन घेऊन जाईन. आणि त्या गुरुवारी आणखी कुणी आजी-आजोबांना घेऊन येणार असतील तर तेही कळवा, आईंना काठावर गप्पांना सोबत होईल.