एनबीएतल्या नवख्या खेळाडूंची कुवत कशी ओळखायची? (सल्ला हवा)

सीवूड्सकर: आम्ही नेरूळ-सीवूड्सची काही मंडळी सकाळी एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली पोरं कुठवर जातील यावर रोज वाद. सगळे फक्त सरासरी गुण पुढे करतात. त्यापलीकडे काय बघावं? एक्सेल येतं.

कोपरीपूर्व: पहिला रकाना वयाचा ठेवा. १९व्या आणि २३व्या वर्षी तेवढेच गुण काढणारे दोघे सारखे नव्हेत. मग मिनिटं. १५ मिनिटांत ८ गुण आणि ३४ मिनिटांत १४, हे ३६ मिनिटांवर आणले की १९.२ आणि १४.८ होतात. पण पहिला बहुतेक वेळ समोरच्या राखीव खेळाडूंशीच खेळतो, म्हणून १९ जसेच्या तसे धरू नका.

गुणांऐवजी ट्रू शूटिंग काढा, म्हणजे चेंडू फेकण्याच्या संधींच्या मानाने गुण किती: गुण ÷ (२ × (शॉट + ०.४४ × फ्री थ्रो)). शॉट आणि फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी, एका गुणाची मोकळी फेक) यांत चुकलेलेही धरायचे. १५ शॉट, ५ फ्री थ्रो, १८ गुण म्हणजे ५२.३ टक्के. ०.४४ कशासाठी? बास्केट झाल्यावर मिळालेला जादा फ्री थ्रो किंवा टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो यात चेंडूचा नवा ताबा खर्च होत नाही.

सगळ्यात जास्त फसवते ती थ्री पॉइंटची (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या, तीन गुणांच्या शॉटची) टक्केवारी. खरा ३५ टक्क्यांचा नेमबाज १५० शॉटमध्ये नुसत्या नशिबाने ३१ किंवा ३९ दिसू शकतो. फ्री थ्रोला अंतर ठरलेलं, अंगावर कोणी नाही, म्हणून हाताची खरी ठेवण तिथे कळते. कवाय लेनर्डचे थ्री कॉलेजात ३० टक्क्यांखाली होते, फ्री थ्रो मात्र सत्तरच्या वर. एनबीएतल्या सॅन अँटोनिओ संघाने त्याची शॉट सोडण्याची पद्धत सुधारली आणि पहिल्याच मोसमात तो ३७.६ टक्क्यांवर गेला.

घोडबंदरवाला: युरोपातून येणाऱ्यांचे आकडे वेगळे वाचा. तिथे सामना ४० मिनिटांचा, एनबीएत ४८. थ्रीची रेषा तिथे ६.७५ मीटरवर, एनबीएत ७.२४, कोपऱ्यात मात्र फरक जेमतेम.

आणि एक्सेल मिटून बचावही बघा. एक क्वार्टर चेंडू सोडून एकाच पोरावर नजर ठेवा. आपला माणूस आणि चेंडू दोन्ही दिसतील असा उभा राहतो का? नेमबाजाकडे धावताना शेवटची दोन-तीन पावलं आखडती घेऊन हात वर करतो, की झेपावून पुढे निघून जातो? ही झेप शिकवणीने सुधारते. उशिरा ओळखणारी नजर सुधारायला वर्षं लागतात, कधी सुधारतही नाही.

कोपरीपूर्व: सहमत. शरीराची वाढही विसरू नका. यानिस आंतेतोकुंपो २०१३च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) १५वा निवडला गेला, पहिल्या मोसमात सरासरी ६.८ गुण. त्यानंतर उंची आणि ताकद दोन्ही वाढली. २०१९ला सर्वोत्तम खेळाडू.

सीवूड्सकर: वयाचा रकाना आजच टाकतो. समर लीगचे (उन्हाळ्यात मुख्यतः नवख्यांसाठी होणाऱ्या सामन्यांचे) आकडे धरू का?

घोडबंदरवाला: नको. सामने मोजके, संघ घाईने जमवलेले. गेल्या मोसमात नव्हतं असं काही करतोय का, बास्केटजवळ डाव्या हाताने फिनिश (चेंडू आत टाकणं) वगैरे, एवढंच टिपून ठेवा.