तांत्रिक लिफाफ्यात बाद, पण कारण दिलेलं नाही. कोर्टात जावं का?

महापेची टेंडरवाली:
नमस्कार. अकरा वर्षं टेंडरं भरतेय, पण असं कधी झालं नव्हतं. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या एका मोठ्या कामासाठी आम्ही एका मोठ्या कंपनीबरोबर जेव्ही, म्हणजे भागीदारी, केली; लीड पार्टनर ते, आमचा हिस्सा २६ टक्के. काल संध्याकाळी साडेसहाला पोर्टलवर एकच शब्द उमटला, 'नामंजूर'. कारण नाही, पत्र नाही. आधी पात्रतेचा तांत्रिक लिफाफा तपासतात, त्यात टिकलेल्यांचाच किमतीचा उघडतात; तो गुरुवारी उघडणार. फोन केला तर तिकडचे म्हणाले, "मॅडम, अटी वाचा."

मला संशय अनुभवाच्या दाखल्याचा आहे. लीड पार्टनरचं जुनं केंद्र चालू आहे, पाणी साफ होऊन बाहेर पडतंय, पण दाखल्यावर 'भरीव प्रमाणात पूर्ण' असं लिहिलंय. आमचे साहेब म्हणतात हायकोर्टात जाऊ. वकिलाची फी ऐकल्यापासून लीड पार्टनर फोन उचलत नाही.

नौपाड्याचा वकील:
ताई, कोर्टाचं नंतर बघू. आधी आजच लेखी हरकत द्या, ईमेलने आणि आवक शिक्का घेऊनही. दोनच ओळी लिहा: कारण कळवा, आणि तोवर किमतीचा लिफाफा उघडू नका. कार्यादेश निघाल्यावर गेलात तर पहिला प्रश्न येईल, इतके दिवस कुठे होता?

टाटा सेल्युलर खटल्याच्या १९९४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून, टेंडरच्या वादात कोर्ट फक्त निर्णय कसा घेतला हे तपासतं. तुमचा दाखला चालायला हवा होता की नाही, यात सहसा शिरत नाही. शिवाय स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये २०१८ ला कलम २०अ आलं, पायाभूत प्रकल्पाचं काम रखडेल असा मनाई हुकूम नको म्हणून. सांडपाणी त्या यादीत आहे. रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्ध थेट हायकोर्टात केलेला अर्ज, ही वेगळी गोष्ट, पण एन. जी. प्रोजेक्ट्स खटल्याच्या २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हायकोर्टांनाही हे भान ठेवायला सांगितलं.

घोडबंदरकर:
मग आमच्या ठाण्याच्या गायमुखच्या बोगद्याचं टेंडर कसं रद्द झालं? कोर्टात गेले म्हणूनच ना?

नौपाड्याचा वकील:
दादा, तिथे एल अँड टीला तांत्रिक टप्प्यावर अपात्र ठरवलं होतं, आणि हायकोर्टाने २० मे २०२५ ला त्यांना दिलासा नाकारलाच होता. सुप्रीम कोर्टात किमती समोर आल्या. बोगदा आणि भाईंदरचा उन्नत मार्ग मिळून त्यांची बोली पात्र ठरलेल्या सर्वात कमी बोलीपेक्षा सुमारे ३,१०० कोटींनी कमी होती. पुन्हा टेंडर काढता का, असं कोर्टाने विचारलं आणि ३० मेला टेंडर काढणाऱ्या एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) आपणहून टेंडरं रद्द केल्याचं सांगितलं. अपात्र ठरवणं चुकीचं होतं, असा निकाल लागलेला नाही. ताई, तुमच्याकडे असा फरक आहे का? तुमचा लिफाफा तर अजून बंदच आहे.

खारघरचे निवृत्त अभियंता:
मी मूल्यमापन समित्यांवर बसलोय. केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या परिपत्रकातली अनुभवाची पट्टी बहुतेक ठिकाणी दिसते: अंदाजपत्रकाच्या ४० टक्क्यांची तीन समान कामं, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचं एक, आणि तीही पूर्ण झालेली. तुमच्या टेंडरमध्ये 'भरीव प्रमाणात' चालेल असं कुठे लिहिलंय का, ते आधी बघा. नसेल तर समितीला दोष देऊ नका, आमच्या मागेही लेखापरीक्षण असतं.

आता नवीन तारखेचा दाखला आणून जोडू नका. मुदतीनंतरचा कागद कुणी घेत नाही, उलट शंका वाढते. आधी दिलेल्या दाखल्याचा खुलासा मात्र देता येतो. केंद्र टेंडरच्या मुदतीआधीच कार्यान्वित झालं होतं, असं मूळ खात्याचं जुनं पत्र सापडलं तर हरकतीसोबत द्या. प्रीबिडचं, म्हणजे टेंडर भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीचं, इतिवृत्तही काढून बघा.

महापेची टेंडरवाली:
काढलं. अनुक्रमांक ४७ वर कुणीतरी नेमका हाच प्रश्न विचारलाय. उत्तर: 'निविदेतील अटीनुसार'. आम्ही बारा प्रश्न विचारले होते, सगळे वीजजोडणी आणि गाळ कुठे टाकायचा याबद्दल. तेव्हा दाखला माझ्याच टेबलावर पडला होता.

हरकत दिली, चार पन्नासला शिक्का मिळाला. पाच मिनिटं उशीर झाला असता तर खिडकी बंद. जुनं पत्र शोधायला लीड पार्टनरचा माणूस उद्या गोडाऊनला जाणार आहे. अर्जाला वकील नाही लावला तर फोन उचलतात.

तेवढ्यात बँकेचा फोन आला: टेंडरसोबत दिलेली बयाण्याची बँक हमी पुढच्या महिन्यात संपतेय, वाढवायची का? मी साहेबांना विचारलं, कमिशन कोण भरणार? ते खिडकीबाहेर बघायला लागले.