मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) माणसं, भांडणं आणि कृपा: तुमचे अनुभव सांगा

'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे', म्हणजे आमचे अपराध करणाऱ्यांना क्षमा केली आहे, ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आलेय. गेल्या रविवारी तेवढेच शब्द घशात अडकले. पुढच्याच बाकावर ती बसली होती. आम्ही दोघींनी ९ वर्षं संडे स्कूल चालवलं, आणि आता ४ महिने बोलणं बंद. कारण ऐकाल तर हसाल: मुलांच्या नाताळच्या नाटिकेत येशूची आई मरिया कोण होणार.

उपदेश नकोत, ते रविवारी मिळतात. मंडळीतल्या माणसांनी दुखावलं आणि तिथंच कधी कृपाही भेटली, असं झालं असेल तर सांगा. नेमकं काय घडलं?

*

मी ६ वर्षं मंडळीचा खजिनदार होतो. कमिटीत एक गृहस्थ होते, त्यांना माझं काहीच पटायचं नाही. वार्षिक सभेत पहिला हात त्यांचाच वर.

एका वर्षी सभेच्या आदल्या रात्री दार वाजलं. बघतो तर हेच, काखेत हिशेबाची वही. पोटात गोळाच आला. त्यांनी बसून वही उघडली, एका ओळीवर बोट ठेवलं. "ही रक्कम दोनदा धरलीय." खरंच होतं. एकच देणगी मी इमारत निधीतही लिहिली होती आणि नेहमीच्या अर्पणातही. म्हणजे कागदावर शिल्लक जास्त, हातात कमी. सभेत कुणी "मधले पैसे कुठे गेले?" विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

रात्री १ वाजेपर्यंत आम्ही पावत्या पुन्हा लावल्या. ते सारखे करवादत होते, "काय हे अक्षर तुमचं!" दुसऱ्या दिवशी मी चूक सांगून सुधारलेला हिशेब वाचला. ते उठले, म्हणाले, "मी स्वतः तपासलाय, बरोबर आहे," आणि खाली बसले.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात येशू सांगतो, भावाची चूक आधी एकांतात जाऊन दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा. मग मंडळीला सांग. हा उतारा मी बैठकांत कितीदा तरी ऐकलाय, पण बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीपासून सुरू केलेला. पहिल्या पायरीवर कुणी माझ्या दाराशी आलं ते तेवढं एकदाच. पुढच्या वर्षी त्यांनी माझ्या अंदाजपत्रकाला विरोध केलाच, हेही सांगून टाकतो.

*

भांडणांना कंटाळून मी मंडळी बदलली. नवीन ठिकाणी वर्षभरात तीच भांडणं. मग लक्षात आलं, आधीच्या मंडळीतला एक भांडखोर माझ्यासोबतच इकडे आला होता. मीच तो.

*

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) आहे, तरी उपदेश करत नाही. पण मरियेच्या भांडणावरून बायबलमधल्या युवदीया आणि सुंतुखे या दोन बायका आठवल्या. येशूचा प्रेषित पौल याने तुरुंगातून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं, त्याच्या चौथ्या अध्यायात या दोघींना नावानिशी विनंती केली, की एकचित्त व्हा. बिचाऱ्या! भांडण कशावरून ते पौल सांगत नाही, पण जवळजवळ २००० वर्षं ते जगभर भर उपासनेत वाचलं जातंय. मला आवडतं ते त्यापुढचं. सुवार्तेच्या कामात या माझ्याबरोबर झटल्या आहेत असं तो लगेच लिहितो, आणि एका सोबत्याला सांगतो की या दोघींना मदत कर. म्हणजे त्यांचं त्यांना जमत नव्हतं.

खुद्द पौलाचं तरी कुठे जमलं? त्याचा सोबती मार्क आधीच्या प्रवासात अर्ध्यातून परतला होता. त्याला पुन्हा न्यायचं की नाही, यावर सहकारी बर्णबाशी पौलाचं इतकं वाजलं की दोघं दोन दिशांना गेले. पुढे आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र 'मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे' असं आहे. मधल्या काळात काय झालं, कोण कुणाकडे आधी गेलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. मला तेच वाचायचं होतं.

*

क्वायरचा अनुभव. आमच्यात एक आजोबा गाताना कायम अर्धी ओळ मागे. मी एकदा सगळ्यांदेखत म्हणालो, "तुम्ही नुसते उभे राहिलात तरी चालेल." ते यायचेच बंद झाले, आजीही. तीन आठवड्यांनी माफी मागायला गेलो. ते म्हणाले, "मला पेटी ऐकू येत नाही रे. तुझे ओठ बघून गातो. तू पेटीवाल्याकडे तोंड फिरवलंस की मी मागे पडतो."

आता मी त्यांच्याकडे तोंड करून उभा राहतो. ते अजूनही मागेच असतात, पाव ओळ.

*

वरचं सगळं गोड आहे, पण माझं ऐका. नवरा मारायचा. मंडळीत सांगितलं तर मला 'प्रीती पापांची रास झाकून टाकते' हे वचन ऐकवलं. मंडळीची बदनामी नको, एकी टिकली पाहिजे, वगैरे. झाकण्याचं काम माझ्याकडे, आणि पाप कुणाचं? अंत्युखिया शहरात पौलाने येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं होतं, ते वचन कुणाला आठवलं नाही.

मी घर सोडलं. वर्षभराने एक वयस्क बाई मला शोधत आल्या. "सोसून घे" असं मला सगळ्यात आधी त्याच म्हणाल्या होत्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मी तुला चुकीचं सांगितलं. देवाच्या नावाने सांगितलं, म्हणून जास्त चुकीचं." 'पण' नाही, 'त्या वेळी' नाही. मी त्यांना बसा म्हणाले. प्रभुभोजनाला (उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा) आता आम्ही एका रांगेत असतो. बाकीच्यांचं अजून मला जमलेलं नाही, आणि कुणी घाई केलेली मला चालणार नाही.

*

धागा काढला ती मीच. खजिनदारांचं वाचून काल तिच्या घरी गेले. दाराला कुलूप होतं. नाटिकेची वही शेजारी ठेवून आले. मरियेच्या पुढे मी तिने सुचवलेल्या मुलीचं नाव लिहिलंय, पेन्सिलीने.