आवडीची लाज का वाटावी?

कोथरूडची_नीरजा: माझी भाची बीटीएस या कोरियन गायकांच्या बँडची पक्की चाहती आहे. कार्यक्रमात हलवायची दिव्याची लाइटस्टिक, अल्बमसोबत येणारी गायकांची फोटोकार्डं, सगळं घरी आहे. कॉलेजात मात्र कोणाला पत्ता नाही. म्हणते, "हसतात गं मावशी." मला हे फार लागलं. १९६३ साली सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत पोरं घसा बसेपर्यंत "अरे आव्वाज कुणाचा" ओरडतात, त्याचं पुण्याला कौतुक. गहुंज्याला तोंड रंगवून मॅच बघणारे चालतात. मुलींनी एका सुरात गायकांची नावं पुकारली की ते वेड?

पेठकर: असहमत. पुरुषोत्तमची पोरं स्वतः नाटक बसवतात, रात्ररात्र तालमी करतात. ती आरोळी त्या कष्टाची असते. शिवाय नाटक सुरू झालं की सभागृह चिडीचूप. इथे गाणं चालू असतानाच आरडाओरडा. आणि फोटोकार्डांचं काय? अल्बममध्ये कोणतं कार्ड निघेल हे आधी कळत नाही, म्हणून पोरं एकच अल्बम पुन्हापुन्हा घेतात. कंपनीने ठरवून विकलेला उत्साह आहे हा.

नीरजा: फॅनचँट, म्हणजे चाहत्यांचा तो पुकारा, वाटेल तेव्हा नसतो हो. गाण्याच्या सुरुवातीला आणि ओळींच्या मधल्या जागांत बरोब्बर बसवलेला असतो, पाठ करावा लागतो. अल्बमचं मात्र मान्य, त्यावर भाचीशी बोलायलाच हवं.

फोमवाला: कष्टांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी कॉस्प्ले करतो, म्हणजे आवडत्या पात्राचा पोशाख स्वतः बनवून घालतो. ईव्हीए फोम कापायचा, हीट गनने वाकवायचा, जोडायचा, प्रायमर मारून रंगवायचा. एका चिलखतामागे कित्येक रात्री जातात. हे काही आजचं फॅड नाही. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातला पोशाख घालून गेले होते, तो मर्टल डग्लस यांनी बनवला होता. तरी मी पोशाख पिशवीत कोंबूनच नेतो. रिक्षावाल्याची भीती नाही, सोसायटीतल्या काकांची आहे.

पेठकर: तुमच्या कारागिरीला मान आहे. पण ज्याने काहीच बनवलं नाही, नुसतं विकत घेतलं, त्याचंही तेवढंच कौतुक करायचं?

नीरजा: सवाई गंधर्व महोत्सवात तासन्‌तास गाणं ऐकत बसणाऱ्या रसिकांनी तरी काय बनवलेलं असतं? जीव लावून ऐकतात, तेवढं पुरतं. कौतुक राहू द्या, हसू नका इतकंच म्हणणं आहे. मी भाचीला सांगितलंय, मैत्रिणींना माझ्याकडे घेऊन ये, टीव्ही मोठा आहे.