मदत हवी आहे : नाताळच्या शुभेच्छापत्रांवर शिक्क्याची शाई पसरते, हातकागद वापरावा की सोडून द्यावा?

नमस्कार.

आमच्या वसईच्या पॅरिशमधील आम्ही काही महिला या वर्षी नाताळची शुभेच्छापत्रे घरी तयार करून चर्चच्या आवारात विक्रीसाठी ठेवणार आहोत. नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी विक्री सुरू व्हावी, असे ठरले आहे. साधारण दोनशे पत्रे लागतील. एकेक पत्र रंगवत बसणे शक्य नसल्यामुळे शिक्के आणि नक्षीचा कागद यांवरच सगळी भिस्त आहे.

पत्राची रचना साधी आहे. ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या) पांढऱ्या कार्डशीटचा ए-४ कागद मधोमध कापून त्याचा अर्धा भाग दुमडला की १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचे पत्र तयार होते. दर्शनी बाजूला नक्षीच्या कागदाची चौकट, तिच्यावर फिकट रंगाचा, फुलांच्या पाकळ्या घातलेला हातकागद आणि त्या हातकागदावर शिक्क्याने उमटवलेले चित्र, अशी कल्पना आहे. बाजारात मिळणाऱ्या शिक्क्यांवर बर्फ, घसरगाडी आणि सूचिपर्णी झाडे यांचीच गर्दी असते, आणि आमच्याकडे तर नाताळचे झाड म्हणून सुरूची फांदी उभी करण्याची पद्धत घराघरांत होती. म्हणून गोठा, मेंढपाळ, माडाच्या मागचा तारा आणि सुरूची फांदी अशी चित्रे आम्ही स्वतः काढून शिक्के बनवणाऱ्याकडून रबराचे शिक्के करून घेतले आहेत. चित्रे मनासारखी झाली आहेत. अडचण पुढे येते.

हातकागदावर शिक्का उमटवला की पहिल्या क्षणी रेषा स्वच्छ दिसते, परंतु पाहता पाहता तिच्या कडांना केसांसारखे बारीक फाटे फुटू लागतात. मेंढपाळाच्या काठीचे वळलेले टोक अर्ध्या मिनिटात एक गोळा होऊन जाते. शाई कार्यालयांत वापरतात त्या स्टॅम्प पॅडची, जांभळी आणि लाल. स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या हिरव्या पॅडनेही तसेच होते, मात्र थोडे कमी.

नक्षीच्या कागदाचे दुखणे नेमके उलटे आहे. लग्नपत्रिकांसाठी मिळणारा सोनेरी छपाईचा चकचकीत कागद आम्ही क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणला. त्यावर उमटवलेला तारा दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतो.

तिसरी अडचण अक्षरांची. ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ हा मजकूर एका ओळीत बसवलेला शिक्का आहे. त्यातील ‘च्छा’ हे जोडाक्षर दर वेळी शाईने भरून जाते आणि ‘हार्दिक’वरचा रफार शेजारच्या वेलांटीत मिसळतो. इंग्रजी मजकुराचा तयार शिक्का वापरण्याचा सल्ला मिळाला, पण पत्र मराठीतच असावे, असा आम्हा सर्वांचा आग्रह आहे.

शिवाय पांढऱ्या फेविकॉलने कागद चिकटवल्यावर पत्र वाळताना धनुष्यासारखे वाकते. वजनाखाली ठेवले तरी ते पूर्ण सरळ होत नाही.

महागडी यंत्रे घेण्याची आमची तयारी नाही. एखादे चांगले शाईपॅड किंवा एखादे छोटे उपकरण घेता येईल. या मर्यादेत काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. विशेषतः हातकागद वापरायचा की सोडून द्यायचा, याचा निर्णय या आठवड्यात घ्यायचा आहे.

प्रतिसाद (पुणे)

ताई, दोष शिक्क्यांचा नाही आणि तुमच्या हाताचाही नाही. कागदाच्या लगद्यात किंवा तयार कागदाच्या पृष्ठभागावर खळीसारखा जो पदार्थ मुरवतात, त्याला कागदवाले सायझिंग म्हणतात. तो कमी असेल तर सुती तंतूंमधल्या पोकळ्या शाई ओढून घेतात आणि तंतू ज्या दिशेला पसरलेले असतील त्या दिशेला फाटे फुटतात. पूर्वी लिहिण्याचा कागद खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत असत, ते याच कारणासाठी. सजावटीच्या हातकागदाला पुष्कळदा हे सायझिंग बेताचेच असते, कारण त्यावर कोणी लिहील अशी अपेक्षा नसते.

परीक्षा अगदी सोपी आहे. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब सोडावा. तो काही वेळ मण्यासारखा उभा राहिला तर कागद शाईला योग्य आहे; पडताक्षणी जिरून मागच्या बाजूला डाग दिसला तर त्या कागदावर पातळ शाई टिकणार नाही. सगळे कागद असे पारखून दोन ढीग करावेत. दोन्ही बाजू तपासाव्यात, कारण एक बाजू अनेकदा अधिक गुळगुळीत असते. पुण्याला येणे झाले तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत चौकशी करावी. १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली ही संस्था सुती चिंध्यांपासून कागद करते. तेथे चित्रकलेसाठीचा कागद, असे स्पष्ट सांगून मागावा. पाकळ्यांचा मागू नये.

माझे स्पष्ट मत विचाराल तर चित्र हातकागदावर उमटवूच नका. चित्रासाठी २५० जीएसएमचा गुळगुळीत पांढरा किंवा मोतिया कागद घ्यावा आणि पाकळ्यांचा हातकागद त्याच्या मागे चौकट म्हणून लावावा. पाकळीवर शिक्का पडला तर तेवढ्या जागी उंचवटा येऊन रेषा तुटते, आणि ती तुटलेली रेषा कोणत्याही शाईने भरून निघत नाही.

प्रतिसाद (गिरगाव)

माझे आयुष्य छपाईत गेले असल्यामुळे अक्षरांबद्दल लिहितो. एका ओळीतला मजकूर १०५ मिलिमीटर रुंदीच्या पत्रावर चौकट सोडून बसवायचा म्हटले की अक्षरे फार लहान होतात. मजकूर दोन ओळींत घ्यावा, म्हणजे वर ‘नाताळच्या’ आणि खाली ‘हार्दिक शुभेच्छा’. तेवढ्याच रुंदीत अक्षरांची उंची बरीच वाढवता येते आणि जोडाक्षरांमधली रिकामी जागा मोकळी राहते. ‘च्छा’मध्ये च आणि छ एकाखाली एक न रचता अर्धा च शेजारी येईल असा टाइप निवडावा. शिक्के बनवणारे संगणकावर मजकूर घेतात, त्यामुळे ते सहज बदलून देतील. फार जाड टाइप घेऊ नका, कारण तो पडद्यावर छान दिसतो आणि रबरात बुजतो. करायला टाकण्यापूर्वी खऱ्या मापाची प्रत कागदावर छापून मागावी. ती हातभर अंतरावरून वाचता आली नाही तर शिक्काही वाचता येणार नाही.

शाईच्या पॅडवर शिक्का दाबू नये, नुसता टिपावा. शक्य असेल तेथे शिक्का उलटा धरून पॅडच त्याच्यावर टिपावे. त्यामुळे शाई कडांवरून आत उतरत नाही. पत्राखाली पातळ फोमचा तुकडा किंवा माऊस पॅड ठेवले तर ठसा सगळीकडे सारखा येतो. टेबलाच्या कठीण फळीवर मधला भाग फिका राहतो, मग माणूस जोर लावतो आणि कडा फुटतात.

३०० जीएसएमचा कागद नुसता दुमडला की घडीवर तंतू फाटतात. पोलादी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घ्यावी. मागच्या बाजूला जो बारीक कंगोरा उठतो तो घडीच्या आत राहिला पाहिजे, बाहेर नव्हे. बहुतेक लोक उलटे करतात. कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातले बहुतेक तंतू ज्या दिशेने पडलेले असतात ती दिशा, घडीला समांतर असेल तर घडी सुरीसारखी पडते; कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा, जे वाकणे सहज होते त्याच्या घडीला ग्रेन समांतर असतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काका, दोन ओळींचा शिक्का उद्याच करायला टाकते. पाण्याच्या थेंबाची परीक्षा लगेच केली. पाकळ्यांच्या कागदावर थेंब टिकलाच नाही. दुसरा एक पिवळसर, पाकळ्या नसलेला हातकागद होता, त्यावर मात्र तो बराच वेळ उभा राहिला.

तरीही एक शंका उरते. आमच्याकडे पत्र विकत घेणारा माणूस आधी हातकागदाला हात लावून पाहतो. चित्र गुळगुळीत कागदावर गेले तर पत्र दुकानातल्यासारखे दिसेल, अशी भीती वाटते. सोनेरी पावडर वितळवून उठावदार ठसा करतात, ती पद्धत पिवळसर हातकागदावर चालेल का? आणि त्यासाठी केस वाळवण्याचे यंत्र पुरेल का?

प्रतिसाद (ठाणे)

मी शुभेच्छापत्रांचे वर्ग घेते. पुण्याच्या प्रतिसादाशी मी निम्मी सहमत आहे. पाकळ्यांच्या कागदाबद्दलचे त्यांचे म्हणणे योग्य आहे, परंतु सायझिंग असलेला हातकागद सोडून देण्याचे काहीच कारण नाही. फक्त शाई बदलावी. स्टॅम्प पॅडची आणि साधी हिरवी शाई या द्रवात रंग विरघळवलेल्या पातळ शाया आहेत. त्या तंतूंमध्ये शिरूनच वाळतात. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण दाट माध्यमात असतात, त्यामुळे ती बरीचशी वरच्या वर राहते आणि रेषा फाटत नाही. ती वाळायला वेळ लागतो, पण हाच तिचा गुण पावडरसाठी उपयोगी पडतो.

पद्धत अशी. व्हर्सामार्कसारख्या पारदर्शक चिकट शाईने किंवा पिगमेंट शाईने ठसा उमटवावा, लगेच एम्बॉसिंग पावडर सढळ हाताने टाकावी, कागद उभा करून मागून टिचकी मारावी आणि उरलेली पावडर घडी घातलेल्या कागदावरून डबीत परत घ्यावी. नको तेथे चिकटलेले कण कोरड्या बारीक कुंचल्याने झटकावेत. ते फार चिकटत असतील तर ठसा उमटवण्यापूर्वी कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवावी. मग हीट गनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या हातातल्या उपकरणाने, एका टोकापासून उष्णता द्यावी. पावडर आधी मातकट आणि खरखरीत दिसते, आणि वितळते त्या क्षणी तिच्यावर पाण्यासारखी चमक धावत जाते. चमक आली की तेथून लगेच पुढे सरकावे. अधिक तापवले तर पावडर कागदात मुरते, उठाव जातो आणि कडा तेलकट दिसतात.

केस वाळवण्याचे यंत्र चालणार नाही, कारण त्याचा वारा जोराचा आणि उष्णता अपुरी असते. पावडर उडून जाते. छोटी हीट गन हेच तुमच्या मर्यादेतले एकमेव उपकरण समजावे. ती येईपर्यंत इस्त्री उलटी घट्ट बसवून, तिच्या तापलेल्या पृष्ठाच्या किंचित वर कागद चिमट्याने धरला तरी पावडर खालून वितळते. लहान मुले जवळ असतील तर मात्र हा उद्योग करू नये.

तुमच्या चकचकीत सोनेरी कागदावरही हाच उपाय लागू पडतो. त्या कागदावर शाई शोषली जात नाही म्हणून ती वाळत नाही. पावडर वितळून बसली की तो प्रश्नच राहत नाही. स्टॅझऑनसारखी द्रावकाची शाईही अशा कागदावर वाळते, पण तिचा वास उग्र असतो आणि बंद खोलीत दोनशे पत्रे करणे त्रासाचे होईल.

आता चित्रांची वाटणी. खडबडीत कागदावर भरीव चित्र शोभते. बारीक रेषा तेथे तुटकच येणार. तारा आणि माड हातकागदावर सोनेरी पावडरने करावेत, तर गोठा, मेंढपाळ आणि मजकूर गुळगुळीत कागदावर घ्यावेत. मजकुराची छोटी पट्टी कापून हातकागदावर चिकटवली की हाताला लागणारा खडबडीतपणाही राहतो आणि अक्षरेही वाचता येतात. पाकळ्यांचा कागद लिफाफ्याच्या आत अस्तर म्हणून लावून टाकावा. तेथे त्याला कोणी शाई लावत नाही.

पत्र वाकते ते फेविकॉलमधील पाण्यामुळे. एकीकडचा कागद ओला होऊन फुगतो आणि वाळताना दुसऱ्याला ओढतो. मोठ्या चौकटींसाठी दुहेरी चिकटपट्टी वापरावी. फेविकॉल फक्त बारीक सजावटीसाठी, काडीच्या टोकाने लावावे. दोन्ही कागदांचा ग्रेन एकाच दिशेला ठेवला तर उरलेले वाकणेही जाते.

टपालाचा विचार केला नसल्यास तोही आताच करावा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. तुमच्या मापाचे ३०० जीएसएमचे कोरे पत्रच सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास भरते. नक्षीची चौकट, वरचा जाड कागद आणि लिफाफा धरला की आकडा १८-१९ पर्यंत जातो. फोमची जाड पट्टी किंवा मणी लावले की पत्र पुढच्या टप्प्यात गेलेच समजा. मणी टपालाच्या शिक्क्याखाली फुटतात, तेही वेगळेच.

धागाकर्ती

भरीव चित्रे हातकागदावर आणि रेषांची चित्रे गुळगुळीत कागदावर, ही वाटणी आमच्या सर्वांना पटली. पॅरिशमधील ज्या घरी सोनाराचा काटा आहे, तेथे पहिले तयार पत्र लिफाफ्यासह तोलून पाहू. लिफाफा सी-६ मापाचा, म्हणजे ११४ गुणिले १६२ मिलिमीटरचा घेत आहोत. अस्तर लावल्यावर पत्र आत घट्ट होईल का, एवढेच विचारायचे राहिले.

प्रतिसाद (ठाणे)

रुंदीत ९ आणि उंचीत १४ मिलिमीटरची मोकळीक आहे, त्यामुळे होणार नाही. अस्तर फक्त झाकणाच्या भागापासून लिफाफ्याच्या मध्यापर्यंत उतरवावे, तळापर्यंत नेऊ नये. झाकणाच्या डिंकाच्या रेघेपासून ते पाच-सहा मिलिमीटर आत ठेवावे, नाहीतर लिफाफा चिकटणारच नाही.