मदत हवी आहे : भाज्या-फळं भरलेला चिकन रोल फुटतो आणि आतून लगदा होतो

नमस्कार. फोंड्याहून लिहितेय. नाताळच्या आत हा पदार्थ मला नीट जमायलाच हवा, म्हणून धागा काढलाय.

आमच्या भिंतीला भिंत लागून आंटी राहतात. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या जातात आणि नाताळला त्यांच्याकडून दोदोल-बिबिंक्याच्या ताटासोबत भाजलेल्या, पोट भरलेल्या कोंबडीचा मोठा तुकडा येतो. लग्न होऊन आले तेव्हापासून, २६ वर्षं. यंदा गणपतीनंतर त्या अंगणात पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालंय, पण सुरी धरवत नाही. तेव्हा यंदाची कोंबडी माझ्या घरून जाणार. हाडं काढून, रोल करून, चकत्या कापून नेली की डाव्या हाताने काट्यानेही खाता येईल त्यांना.

रविवारी पहिल्यांदा करून पाहिला. बोनलेस ब्रेस्ट ६०० ग्रॅम. मधून चिरून पुस्तकासारखे उघडले, लाटण्याने ठोकले, मीठ-मिरपूड, लसूण आणि माडाचं व्हिनेगर चोळलं. आत गाजर, फरसबी, कांदा, ढबू मिरची, सगळं बारीक चिरून कच्चंच. बेदाणे. आणि माहेरच्या, सावईवेऱ्याच्या कुळागरातला (बागायतीतला) अननस. गुंडाळून, टूथपिक टोचून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी ओटीजीत २०० अंशांवर ५० मिनिटं.

ट्रेमध्ये वाटीभर पाणी. एका बाजूने रोल उलगडून गाजराचे तुकडे बाहेर. वरचं मांस सुकून धागे धागे झालेलं, आणि अननसाला चिकटलेला आतला थर मऊ पिठल्यासारखा, बोट लावलं तर पसरला. कच्चा नव्हता, गुलाबी रंग कुठेच नव्हता. चव खरंच चांगली होती, आम्ही घरात खाल्लाही. पण असं ताट मी त्यांच्या दारात नेणार नाही.

अननस तर घालायचाच आहे, आंटींच्या सारणात तो असतोच. त्यांना विचारलं की त्या लगेच स्वतः ओट्याशी उभ्या राहतील, म्हणून इथे विचारतेय. पाणी कसं रोखू? बांधू कशाने? ब्रेस्टऐवजी लेगपीस चालेल का?

प्रतिसाद १

ताई, लगदा अननसानेच केलाय. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. कच्च्या पपईतलं पपेन करतं तेच. तुम्ही त्याला रात्रभर वेळ दिलात. अननस शिजवला की त्याचा तो गुण जातो. तुकडे लोण्यावर परता, रस पूर्ण आटून कडा लालसर होऊ द्या, मग गार करा. माहेरचा अननस सोडायची गरज नाही.

भाज्याही आधी परतून घ्या. कच्च्या भाजीचं पाणी भट्टीत सुटणारच, ते रोलच्या आतच सुटतं आणि रोल फोडतं. त्यात शिळ्या पोयचा (आपल्या गोव्याच्या पावाचा) चुरा मूठभर घाला, उरलंसुरलं पाणी तो पिऊन घेतो. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरा, कडेला दोन बोटं जागा सोडा. आपल्याला वाटतं त्याच्या निम्मंच सारण मावतं. आणि भरला की लगेच भाजा, कच्चा रोल भरून रात्रभर ठेवू नका.

प्रतिसाद २

लेगपीस चालेल नाही, लेगच घ्या. मांडीच्या मांसात चरबी जास्त, सुकत नाही. कोंबडीवाल्याला सांगा, कातडीसकट हाडं काढून दे. कातडी बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायचं.

टूथपिक नको. फुलांचा नाही, जाड सुती पांढरा दोरा घ्या, रंगाचा किंवा नायलॉनचा नको. दोन-दोन बोटांवर एकेक गाठ मारा, फार आवळू नका. १८० अंशांवर आधी फॉइल लावून २५ मिनिटं, मग फॉइल काढून वरून लोणी लावून १५-२० मिनिटं. मांसाचा थर्मामीटर विकत घ्याच. अगदी मध्यभागी, सारणात टोचून ७४ अंश दिसले की झालं. बाहेर काढल्यावर १० मिनिटं हात लावू नका, मगच दोरा कापा, नाहीतर पहिल्या चकतीलाच सगळा रस पाटावर.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल लेगचा केला. अननस परतताना घरभर वास सुटला आणि भिंतीपलीकडून आंटींनी विचारलं, "किदें करता गो?" मी जॅम म्हणून सांगितलं.

रोल फुटला नाही. थर्मामीटर आणला, ४५ मिनिटांनी मध्ये ७६ दाखवत होता. चकत्या सरळ पडल्या, मधोमध पिवळा अननस, भोवती हिरवी फरसबी. ट्रेमध्ये चमचा-दोन चमचे रस, तो मी वरून ओतला.

एकच अडचण उरली. नाताळच्या सकाळी त्या मिसाहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) आल्या की गरम न्यायचा आहे. पहाटे भाजून ठेवला तर परत गरम करताना सुकेल का, की सारण आदल्या दिवशी करून, फ्रिजमध्ये ठेवून, सकाळी भरून भाजू?